शुगर निघाली, पण कोणती?

'शुगर निघाली' एवढं सांगितलं की भंडारा जिल्ह्यात सहसा कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. साकोली तालुक्यातलं एकोडी असो की भंडारा शहर, बोटाला सुई टोचून यंत्रावर तीनशेच्या वरचा आकडा आला की गोळ्यांची चिठ्ठी मिळते आणि घरात भात किती कमी करायचा यावर बोलणं सुरू होतं. धानाच्या मुलखात ते बोलणं लांबतंही. शुगर कोणत्या प्रकारची, हे मात्र त्या चिठ्ठीवर नसतं. बहुतेकांचं त्यावाचून अडत नाही, कारण प्रौढपणी निघणारा मधुमेह दहातल्या नऊ जणांत टाइप २ असतो. अडतं ते उरलेल्या एकाचं. त्याच्यासाठी कोणत्या तपासण्या आहेत, त्या नेमकं काय सांगतात आणि पूर्व विदर्भातल्या माणसाच्या बाबतीत त्यांच्यावर कितपत विसंबता येतं, हे इथे पाहायचं आहे.

ज्या तपासण्यांना आपण 'शुगरच्या टेस्ट' म्हणतो, त्यांपैकी एकही प्रकार सांगत नाही. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त, यांवरून मधुमेह आहे एवढं ठरतं. ३८० हा आकडा दहा वर्षांच्या मुलीचा असेल, पन्नाशीतल्या दुकानदाराचा असेल किंवा दारूने स्वादुपिंड खराब झालेल्या माणसाचा असेल. यंत्राला तिघेही सारखेच. मुलीच्या शरीरातल्या प्रतिकारशक्तीने इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशीच मारलेल्या असतात, तो टाइप १. दुकानदाराच्या शरीरात इन्सुलिन असतं पण त्याचा प्रभाव पडत नाही, आणि हळूहळू तेही कमी पडू लागतं, तो टाइप २. तिसऱ्याचा कारखानाच सुजून निकामी झालेला असतो. याखेरीज एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारे प्रकार आहेत, गरोदरपणातला मधुमेह आहे, आणि अलीकडे पुन्हा चर्चेत आलेला कुपोषणाशी जोडलेला प्रकार आहे. त्याच्याकडे नंतर सविस्तर येऊ.

प्रकार चुकला तर काय होतं? टाइप १ असलेल्याला टाइप २ समजून नुसत्या गोळ्यांवर ठेवलं तर शरीर चरबी जाळू लागतं, रक्तात केटोन साचतात, उलट्या होतात, पोट दुखतं, श्वास खोल आणि जलद होतो. मूल असेल तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. रोवणीच्या दिवसांत दुखणं अंगावर काढायची सवय असलेल्या घरात हे 'पोट बिघडलं' किंवा 'ताप उतरला नाही' म्हणून निघून जातं, आणि मुलाला कुठेतरी ग्लुकोजची सलाईनही लागते. उलटी चूकही होते: एका विशिष्ट जनुकाच्या बिघाडाने मधुमेह झालेला तरुण, ज्याचं स्वस्त गोळीवर उत्तम भागलं असतं, तो वर्षानुवर्षं दिवसातून चारदा सुई टोचून घेत राहतो.

ही चूक फक्त खेड्यात होते असं कुणी समजू नये. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांना २०१२ साली, त्या गृहमंत्री असताना, मधुमेह निघाला. वय ५६. वयाकडे पाहून आधी टाइप २ ठरवलं गेलं, गोळ्या दिल्या, त्या लागू पडल्या नाहीत आणि पुढच्या तपासण्यांत टाइप १ निघाला. टाइप १ म्हणजे लहान मुलांचा आजार ही समजूत डॉक्टरांच्याही डोक्यात किती घट्ट बसली आहे, ते यात दिसतं. ब्रिटनमधल्याच 'यूके बायोबँक'च्या जनुकीय माहितीवरून २०१८ साली निघालेला निष्कर्ष असा, की तिथल्या टाइप १ रुग्णांपैकी सुमारे ४२ टक्क्यांना तो तिशीनंतर झालेला असतो.

मधुमेह एकच नाही हे वैद्यांना फार पूर्वी कळलं होतं. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्यातून होणारे असे दोन वर्ग आहेत. पहिल्यातला रोगी कृश, दुसऱ्यातला स्थूल. आधुनिक वैद्यकात १९३६ साली हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी इन्सुलिन आणि ग्लुकोज एकत्र देऊन दाखवलं, की काही रुग्णांची साखर झपाट्याने उतरते, काहींची हलत नाही. कारण समजायला १९७४ उजाडलं. लंडनमध्ये बोताझो, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही मधुमेही रुग्णांच्या रक्तात स्वादुपिंडाच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी सापडल्या. त्या दिवसापासून 'प्रकार कोणता' याचं उत्तर प्रयोगशाळेत शोधायला सुरुवात झाली.

पण प्रयोगशाळेकडे जाण्याआधी जे करायचं असतं, ते आपल्याकडे सर्वांत कमी होतं. रुग्णाला विचारणं. वय काय, वजन किती दिवसांत किती उतरलं, तहान आणि लघवी कधीपासून वाढली, घरात आणखी कुणाला आहे का, पोटात पाठीकडे कळ जाते का, दारू किती, थायरॉइडचं काही आहे का, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का. मुलाच्या लघवीला मुंग्या लागल्याचं आई स्वतःहून सांगते, ते ऐकून घ्यावं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याचा मधुमेह जवळपास नक्कीच टाइप १ नसतो. त्याची थेट जनुक तपासणी करायची. पन्नाशीनंतर अचानक बारीक होत गेलेल्या माणसाची शुगर निघाली, तर स्वादुपिंडाचा कर्करोग नाही ना आणि क्षयरोग नाही ना, हे आधी पाहायचं. या प्रश्नांना पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. ओपीडीत तोच नसतो, हे कबूल.

त्यानंतरची सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे लघवीतले केटोन. पट्टी लघवीत बुडवायची, रंग बदलतो का पाहायचा. तीनशेच्या वर शुगर असलेल्या प्रत्येक मुलाची आणि प्रत्येक बारीक माणसाची ही पट्टी त्याच दिवशी, त्याच खोलीत व्हायला हवी. माझ्या मते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मधुमेहाच्या टेबलावर ग्लुकोमीटरइतकीच जागा या पट्टीच्या डबीला हवी. पट्टीच्याही मर्यादा आहेत. उपाशी माणसाच्या लघवीत थोडे केटोन दिसतातच, आणि काही टाइप २ रुग्णही जंतुसंसर्ग वगैरे ताणात केटोनच्या संकटात जातात. म्हणजे पट्टीवरूनही प्रकार पक्का होत नाही. पण आज रात्री इन्सुलिन लागणार की नाही, हे तिच्यावरून कळतं. एकोडीतून साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात आत्ता निघायचं की सोमवारी, हा निर्णय त्यावर असतो.

आता एचबीएवनसी. ही 'तीन महिन्यांची शुगर' गावोगावच्या संकलन केंद्रांतून होते आणि तिच्यावर लोकांचा विश्वासही मोठा. पूर्व विदर्भात तिच्याकडे जरा संशयाने पाहायला हवं, कारण इथे सिकलसेल आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा सिकलसेलचा पट्टा. आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजात त्याचं प्रमाण जास्त, पण तेवढ्यापुरताच तो राहिलेला नाही. एचबीएवनसी मोजते काय, तर तांबड्या पेशीतल्या नेहमीच्या हिमोग्लोबिन ए-ला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देतो. सिकलसेलचा पूर्ण रुग्ण असेल तर त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन ए नसतंच, आणि पेशी दहा ते वीस दिवसांत फुटतात. साखर चिकटायलाच वेळ मिळत नाही. अशा माणसाचा एचबीएवनसी साडेपाच आला तर तो निर्धास्त होण्याचा आकडा नव्हे, निरर्थक आकडा आहे. रक्त चढवलेलं असेल तर दात्याची साखर मोजली जाते, ते वेगळंच.

वाहकाचं जरा नाजूक आहे. त्याच्या पेशी नेहमीइतक्या जगतात, पण निम्म्याहून थोडं कमी हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि काही यंत्रांना ते गोंधळात टाकतं. आधुनिक एचपीएलसी यंत्रं आणि बोरोनेट पद्धत यातून बऱ्यापैकी वाट काढतात. तरीही अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांवरच्या २०१७ सालच्या मोठ्या अभ्यासात, सारखीच साखर असताना वाहकांचा एचबीएवनसी सुमारे ०.३ टक्क्याने कमी भरला होता. सीमारेषेवरच्या माणसाला एवढा फरक आजारी की निरोगी ठरवायला पुरतो. याच्या नेमकं उलट, लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया हा आकडा वर ढकलतो, आणि तो आपल्या बायकांत किती आहे हे सांगायला नको. म्हणजे एकाच घरात सासू आहे त्याहून जास्त शुगरची दिसते आणि सिकलसेलचा मुलगा कमी शुगरचा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासणीची कार्डं गावोगाव आली. ते कार्ड मधुमेहाच्या फाइलला जोडलं जात नाही, ही खरी अडचण. या भागात एचबीएवनसीचा कागद वाचायच्या आधी सिकलसेलचं उत्तर माहीत हवं. ते 'आहे' असेल तर उपाशीपोटीची साखर, ग्लुकोज पाजून केलेली तपासणी, किंवा फ्रुक्टोसामीन आणि ग्लायकेटेड अल्ब्युमिन यांकडे वळावं.

प्रकार शोधायच्या तपासण्यांत मला सर्वांत उपयोगी वाटते ती सी-पेप्टाइड. आपल्याकडे ती एक तर होत नाही, किंवा चुकीच्या वेळी होते.

१९६७ साली शिकागोत डोनाल्ड स्टायनर यांनी दाखवलं, की बीटा पेशी आधी एक लांब रेणू बनवते आणि मग तो कापून इन्सुलिन वेगळं काढते. कापताना मधला तुकडा सुटतो, तो सी-पेप्टाइड. धान भरडलं की तांदळाच्या प्रमाणात कोंडा निघतो, तसा इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूमागे त्याचा एक रेणू सुटतो. तो मोजायचं कारण असं, की टोचून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातलं इन्सुलिन मोजून काही कळत नाही; सी-पेप्टाइड मोजलं की त्याचं स्वतःचं स्वादुपिंड किती काम करतंय ते थेट दिसतं. शिवाय इन्सुलिन रक्तातून चार-पाच मिनिटांत निम्मं होतं, सी-पेप्टाइड अर्ध्या तासाने. मोजायलाही ते सोयीचं.

आकडे असे वाचतात: लिटरला २०० पिकोमोलपेक्षा कमी, म्हणजे आपल्या लॅबच्या एककात मिलिलिटरला साधारण ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली, तर इन्सुलिन जवळपास संपलेलं आहे आणि टाइप १ समजून चालायचं. ६०० च्या वर, म्हणजे साधारण १.८ च्या वर, तर बहुधा टाइप २. मधल्यांना थांबून पुन्हा तपासायचं. एवढं सोपं असतं तर लेख इथेच संपला असता. पण नव्याने निघालेल्या टाइप १ मध्येही काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं, थोडं इन्सुलिन शिल्लक असतं. इन्सुलिन सुरू केल्यावर शुगर इतकी छान राहते की त्या काळाला डॉक्टर 'हनिमून' म्हणतात. त्या काळातला सी-पेप्टाइड टाइप २ सारखा दिसतो, आणि कुणीतरी उत्साहाने इन्सुलिन बंद करतं. याउलट साखर पाचशेवर असताना बीटा पेशी साखरेच्याच माऱ्याने गारद होतात. टाइप २ च्या माणसाचाही सी-पेप्टाइड तळाला जातो आणि साखर आटोक्यात आली की महिन्याभरात वर येतो. म्हणून या तपासणीवरून खात्रीने बोलता येतं ते आजाराला तीन वर्षं होऊन गेल्यावर. त्याआधी केली तर निकालावर तारीख आणि संशय दोन्ही लिहून ठेवावेत.

आणखी दोन गोष्टी. रक्त घेताना त्याच वेळची साखरही मोजलीच पाहिजे, कारण साखर सत्तरच्या खाली असेल तर निरोगी स्वादुपिंडही शांत बसतं. आणि मूत्रपिंड खराब असेल तर सी-पेप्टाइड बाहेर पडत नाही, आकडा फुगतो. उपाशीपोटीच यायला हवं असं मात्र नाही. जेवणानंतर एक ते पाच तासांतला नमुनाही चालतो. साकोलीहून नागपूर महामार्गाने शंभरेक किलोमीटर, आणि नमुना तिथून पुढे मुंबईलाही जाऊ शकतो. साध्या नळीतलं रक्त तसंच पडून राहिलं तर सी-पेप्टाइड विघटित होतं. ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत ते खोलीच्या तापमानाला चोवीस तास टिकतं, असं ब्रिटनमधल्या एक्झिटरच्या संशोधकांनी दाखवलं आहे. त्यांनीच लघवीतल्या सी-पेप्टाइडचं क्रिएटिनिनशी प्रमाण काढायची पद्धत रूढ केली. बोरिक आम्ल घातलेल्या डबीत तो नमुना तीन दिवस राहतो. बर्फाची पेटी न मिळणाऱ्या गावासाठी यापेक्षा सोयीचं काय असणार? आपल्या लॅबच्या यादीत ती तपासणी क्वचितच दिसते.

अँटीबॉडींची गोष्ट वेगळी. सी-पेप्टाइड 'किती उरलं' ते सांगतो, अँटीबॉडी 'का गेलं' ते. चार प्रमुख: जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ आणि खुद्द इन्सुलिनविरुद्धची. शेवटची लहान मुलांत कामाची, पण इन्सुलिन सुरू करून दोनेक आठवडे झाले की टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धही अँटीबॉडी तयार होतात आणि तपासणी वाया जाते. प्रौढांत आधी जीएडी करायची, ती नसेल तर पुढच्या दोन, असा क्रम २०२१ साली अमेरिकन आणि युरोपीय मधुमेह संघटनांनी मिळून सुचवला आहे. वय कमी, शरीर बारीक, केटोन होते आणि जीएडी स्पष्ट जास्त आली, तर प्रश्न मिटला. तिशी-चाळिशीत मधुमेह निघतो, वर्षभर गोळ्या चालतात, मग अचानक काहीच लागू पडत नाही, अशा माणसात जीएडी सापडली की तो सावकाश चालणारा टाइप १. त्याला 'लाडा' म्हणतात.

पण सरसकट सगळ्यांची जीएडी करणं हा शुद्ध पैशाचा नाश. उत्तम तपासणीतही शंभरातल्या एखाद्या माणसात ती विनाकारण दिसते. साध्या टाइप २ च्या हजार जणांची केली, तर दहा जणांच्या माथी खोटा टाइप १ बसेल. थायरॉइडच्या काही रुग्णांतही ती असते. ज्याच्याबद्दल आधीच शंका आहे त्याचीच करायची, आणि आकडा किंचितच वर असेल तर तो सी-पेप्टाइडशी ताडून पाहायचा.

याहून महत्त्वाचं, अँटीबॉडी नाही म्हणून टाइप १ नाही, असं म्हणता येत नाही. युरोपातसुद्धा पाच-दहा टक्क्यांत त्या सापडत नाहीत. भारतीय अभ्यासांत त्या सापडण्याचं प्रमाण बऱ्याचदा आणखी कमी. २०२५ साली कॅमेरून, युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या, तरुणपणी मधुमेह झालेल्या ८९४ जणांचा अभ्यास आला. वैद्यकीयदृष्ट्या टाइप १ म्हणून उपचार चाललेल्या या लोकांपैकी ६५ टक्क्यांत कोणतीच अँटीबॉडी नव्हती, जनुकीय धोकाही टाइप १ सारखा नव्हता. मग त्यांना झालंय तरी काय?

इथे आपण पुन्हा भंडाऱ्यासारख्या मुलखात येतो. बारीक माणूस, शुगर चारशे, केटोन नाहीत, अँटीबॉडी नाहीत, सी-पेप्टाइड कमी पण शून्य नाही. १९५५ साली जमैकात असे रुग्ण वर्णन झाले, पुढे ओडिशातल्या कटकला आणि केरळात. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'कुपोषणाशी संबंधित मधुमेह' हा वेगळा वर्ग केला, १९९९ साली काढून टाकला. पुरावा पुरेसा नाही असं कारण होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. निहाल थॉमस आणि न्यूयॉर्कच्या मेरेडिथ हॉकिन्स यांच्या गटाने अशा रुग्णांवर बारकाईने मोजमापं करून २०२२ साली दाखवलं, की त्यांच्यात इन्सुलिनला विरोध नसतो, इन्सुलिन तयार होण्यातच कमतरता असते. तरी ते टाइप १ सारखे पूर्ण कोरडे नसतात. जानेवारी २०२५ मध्ये वेल्लोरला तज्ज्ञ जमले, एप्रिलमध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. जगात असे दोन ते अडीच कोटी लोक असावेत असा त्यांचा अंदाज.

मान्यता मिळाली तरी टाइप ५ ची स्वतःची अशी एकही तपासणी नाही. बाकी सगळं नाही म्हटल्यावर जे उरतं ते टाइप ५, अशी सध्याची रीत. सर्वांना ती पटलेलीही नाही. पोटाच्या एक्स-रेत किंवा सोनोग्राफीत स्वादुपिंडात खडे दिसले तर तो आजार आणखी निराळा, त्याचं नाव आणि उपचार वेगळे. म्हणून बारीक रुग्णाची सोनोग्राफी टाळू नये. मला टाइप ५ या नावापेक्षा त्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. अशा माणसाला टाइप १ समजून भरपूर इन्सुलिन दिलं आणि घरात दोन वेळचं जेवण नक्की नसेल, तर शुगर एकदम उतरून तो पहाटे बेशुद्ध सापडण्याचा धोका मोठा.

बारीक म्हणजे टाइप २ नाही, हेही तितकंच चुकीचं. याचं सर्वांत गमतीदार उदाहरण पुण्याचं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन सडपातळ पुरुष, आतून वेगळे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, पण त्या किडकिडीत बाळांतही चरबी तुलनेने टिकून होती. पुण्याच्याच, ४५ वर्षांच्या आत टाइप २ झालेल्या सोळाशेहून अधिक लोकांची स्वीडिश पद्धतीने गटवारी केली, तेव्हा इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेला गट सर्वांत मोठा, निम्म्याच्या आसपास निघाला. स्वीडनमध्ये तो बराच छोटा आहे. म्हणजे आपला टाइप २ सुद्धा पुस्तकातला टाइप २ नाही. वजनाच्या काट्यावरून प्रकार ओळखायची युरोपीय सवय इथे चालत नाही, आणि त्यामुळे सी-पेप्टाइडचं महत्त्व आपल्याकडे वाढतं.

जनुकांचं थोडक्यात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत केसीएनजे११ सारख्या जनुकातला बिघाड सापडला, तर इन्सुलिन सोडून ग्लिबेनक्लामाइडच्या गोळीवर मूल वाढतं. हे २००४ ते २००६ च्या दरम्यान सिद्ध झालं. भारतात चेन्नईचं मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन या तपासणीत आघाडीवर आहे. तीन पिढ्यांत, तरुणपणी, सौम्य मधुमेह दिसत असेल तर 'मोडी' या गटाची तपासणी करावी. त्यातल्या एका प्रकाराला साधी सल्फोनिलयुरिया गोळी पुरते, दुसऱ्याला बहुधा औषधच लागत नाही. याशिवाय अनेक जनुकांतल्या छोट्या फरकांची बेरीज करून काढलेला 'जनुकीय धोका गुण' आहे. एक्झिटर, पुण्याचं केईएम आणि हैदराबादचं सीसीएमबी यांनी २०२० साली तो पुण्याच्या रुग्णांवर लावून पाहिला. युरोपीय माणसांवरून बनवलेला गुण भारतीयांतही टाइप १ आणि टाइप २ वेगळे करतो, पण तेवढ्या नेमकेपणाने नाही. ओपीडीत वापरायला ते अजून लांब आहे.

मग एकोडीतल्या माणसाने करायचं काय? मूल असेल तर प्रकाराच्या चर्चेत एक तासही न घालवता इन्सुलिन. नाव नंतर ठेवता येतं. आयसीएमआरच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही असाच आहे, की निदान मुख्यतः लक्षणांवरून करावं, महागड्या तपासण्यांसाठी उपचार अडू नयेत. बारीक प्रौढ असेल तर केटोनची पट्टी, सिकलसेलचं उत्तर आणि सोनोग्राफी साकोली-भंडाऱ्यात होऊ शकते, जीएडीसाठी नागपूर. पन्नाशीतला, पोट सुटलेला, आईवडिलांना शुगर असलेला माणूस असेल तर यातलं काहीच नको, गोळ्या आणि चालणं. गोळ्या दोन-तीन महिन्यांत निष्फळ ठरल्या, वजन उतरू लागलं, तर मात्र चिठ्ठीवर तिसरी गोळी लिहिण्याआधी प्रकाराचा प्रश्न पुन्हा काढायचा.

नागपुरात सरकारी मेडिकल आहे, मिहानजवळ एम्स आहे. टाइप १ च्या गरीब मुलांना इन्सुलिन आणि पट्ट्या पुरवणारा, डॉ. शरद पेंडसे यांनी उभा केलेला ड्रीम ट्रस्टही तिथलाच. तिथपर्यंत पोचणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा शेवटच्या महिन्याचा एक कागद असतो, सुरुवातीचं काहीच नसतं. पहिल्या दिवशीची शुगर, त्या दिवशीचं वजन, केटोन होते की नाही, सिकलसेलचा निकाल, इन्सुलिन सुरू केल्याची तारीख, एवढं एका जाड पुठ्ठ्यावर लिहून घरात ठेवलं तर तीन वर्षांनी आलेला सी-पेप्टाइडचा आकडा डॉक्टरला वाचता येतो. इन्सुलिनविरुद्धची अँटीबॉडी त्या तारखेच्या आधीची की नंतरची, हेही त्याच पुठ्ठ्यावरून कळतं.